जॅझ ब्लूजचा सोलो कागदावर कसा उतरवायचा? (आणि त्यात संशोधन नेमकं कुठे असतं?)

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका ट्रम्पेट सोलोचं नोटेशन तयार केलं होतं. सात पानं, दोन महिने खपून केलेलं. प्रत्येक स्वर कधी सुरू झाला आणि कधी संपला हे मी सॉफ्टवेअरमध्ये मिलिसेकंदात मोजलं होतं, आणि त्या आकड्यांवरून प्रोग्रामने स्टाफ नोटेशन काढून दिलं होतं. मला वाटलं, याहून अचूक काय असणार?

ते घेऊन मी मुंबईतल्या एका ज्येष्ठ ट्रम्पेटवादकांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो. लहानपणी गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, समोर कुठलाही कागद ठेवा, पहिल्या नजरेत वाजवणार. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाजवली आणि थांबले. पुन्हा वाजवली. उचकी लागल्यासारखं काहीतरी वाजत होतं. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, हे राहू दे. तू गाऊन दाखव बघू."

मी पहिले चार बार गायले. त्यांनी ते लगेच वाजवले, आणि अगदी रेकॉर्डवर आहेत तसे. मग माझ्याच कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहून दिली. "हे बघ. एवढंच आहे."

त्यांच्या ओळीत साधे स्वर होते, वर एक शब्द लिहिला होता, 'स्विंग', आणि एका स्वराच्या आधी एक छोटी तिरकी रेघ. मिलिसेकंदाच्या हिशेबाने ती ओळ चुकीची होती, पण ती वाचून कुणीही बरोबर वाजवलं असतं. माझी सात पानं मोजून काढलेली होती आणि ती वाचून कुणालाच काही वाजवता येत नव्हतं. मग यातलं बरोबर कुठलं? आजचा लेख या प्रश्नावर आहे. तुम्ही संगीतात संशोधन करणार नसाल तरी वाचा, कारण मुलाखती ऐकून टाइप करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

आधी थोडी ओळख

जॅझमधला ब्लूज म्हणजे बहुतेक वेळा १२ बारचा एक साचा. एका बारमध्ये ४ बीट, म्हणजे एक फेरी ४८ बीटची. या फेरीला 'कोरस' म्हणतात. आपल्याकडच्या आवर्तनासारखं समजा. फरक इतकाच, की इथे फेरीत कॉर्डही ठरलेल्या क्रमाने बदलतात. सोलो वाजवणारा या फेऱ्यांवर तिथल्या तिथे सुरावट रचत जातो.

उदाहरण म्हणून माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९च्या अल्बममधली 'फ्रेडी फ्रीलोडर' ही रचना घेऊ. ती बी फ्लॅटमधला ब्लूज आहे. पहिले चार बार घरची कॉर्ड, बी फ्लॅट सेव्हन. मग दोन बार ई फ्लॅट सेव्हन, पुन्हा दोन बार घरी, मग एक बार एफ सेव्हन, एक बार ई फ्लॅट सेव्हन. शेवटच्या दोन बारमध्ये नेहमीचा ब्लूज घरी परततो. ही रचना मात्र तिथे ए फ्लॅट सेव्हनवर जाते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असा सोलो ऐकून कागदावर लिहून काढणं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन. वादक लोक सरळ 'सोलो उतरवला' म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. संशोधनात याला मोठी परंपरा आहे. टॉमस ओवेन्स यांनी १९७४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली पार्करवर प्रबंध सादर केला, तो सुमारे अडीचशे उतरवलेल्या सोलोंवर उभा आहे. अलीकडे जर्मनीतल्या वायमारच्या फ्रान्झ लिस्ट संगीत विद्यापीठात ४५६ सोलोंचा डेटाबेस तयार झाला. त्यातले सोलोसुद्धा जॅझ आणि संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ऐकून, हातानेच उतरवले आहेत.

नोटेशन कुणासाठी?

चार्ल्स सीगर या संगीतशास्त्रज्ञांनी १९५८ साली एका लेखात एक भेद मांडला. संगीतलेखन दोन प्रकारचं असतं. एक सूचनात्मक, म्हणजे 'हे असं वाजव' असं वादकाला सांगणारं. दुसरं वर्णनात्मक, म्हणजे 'प्रत्यक्षात हे असं वाजलं' अशी नोंद करणारं. एकासाठी बनलेली लिपी दुसऱ्यासाठी वापरली की घोटाळे होतात, हा त्यांचा इशारा होता.

माझी सात पानं म्हणजे हाच घोटाळा होता. मी वर्णन करत होते, पण लिपी वापरत होते सूचनेची.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत दरबारीची बंदिश बघा. कोमल गंधाराला अक्षराखाली एक आडवी रेघ, बस. दरबारीचा तो आंदोलित गंधार त्या रेघेत कुठे आहे? तो गुरूकडून कानावर पडलेला असतो, रेघ फक्त आठवण करून देते. अंकलनी लिहिलेला 'स्विंग' हा शब्द तेच काम करतो. ज्याने जॅझ ऐकलंय त्याला तो एक शब्द पुरतो.

म्हणून सुरुवात करण्याआधी स्वतःला विचारा, हा कागद कोण वाचणार आहे? वादक, परीक्षक, की संगणक? उत्तर 'तिघंही' असेल तर एका कागदात ते बसणार नाही. मी आता दोन थर ठेवते. एक फाइल मोजमापांची: स्वराचा क्रमांक, सुरुवात, शेवट, उंची. दुसरा वाचता येणारा कागद. दोन्हींत स्वरांचे क्रमांक सारखेच. कागदावर जे सोपं केलंय ते मूळ मोजमापात कसं होतं, हे कुणालाही ताडून बघता येतं.

आता प्रत्यक्ष काम.

पायरी १: आधी रेकॉर्डिंग तपासा

आपण इंटरनेटवर सापडेल ती फाइल उघडतो आणि सुरू होतो. इथेच पहिला धोका आहे. 'काइंड ऑफ ब्लू'चं पहिलं सत्र २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालं. त्या सत्रात मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर नोंदलेलं संगीत नेहमीच्या वेगाने वाजवलं की ते थोडं जलद आणि थोडं चढं ऐकू येतं. त्यामुळे अल्बमची पूर्ण पहिली बाजू, 'फ्रेडी फ्रीलोडर'सकट, अनेक दशकं किंचित चढीच विकली गेली. १९९०च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत ते दुरुस्त झालं.

म्हणजे एकाच सोलोच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत, आणि दोघांचा वेग आणि पट्टी वेगळी आहे. वेग फक्त १ टक्क्याने वाढला तरी स्वर साधारण १७ सेंट वर जातो. (एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट.) पेटीवर स्वर ओळखायचा असेल तर याने काही बिघडत नाही. पण दोन स्वरांच्या मधल्या जागा मोजायच्या असतील तर १७ सेंट ही मोठी गोष्ट आहे.

तेव्हा कोणती आवृत्ती, कोणत्या साली निघालेली, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पियानोचे दोन-तीन लांब स्वर मोजून त्या रेकॉर्डची पट्टी ठरवा आणि बाकी सगळं त्या पट्टीच्या तुलनेत मोजा.

पायरी २: पेन्सिल उचलण्याआधी गा

पियानोवादक आणि शिक्षक लेनी ट्रिस्टानो विद्यार्थ्यांना लेस्टर यंग, चार्ली पार्कर यांचे सोलो आधी गायला लावत. वाद्य नंतर. मला ही जुनी, शिस्त लावण्याची पद्धत वाटायची. आता वाटतं, संशोधकाला याची गरज वादकाहून जास्त आहे.

कारण असं की गाताना आपण स्वरांचे गट पाडतो. कुठे वाक्य सुरू झालं, कुठे श्वास घेतला, कुठला स्वर मुख्य आणि कुठला नुसता स्पर्श, हे सगळं गळा ठरवतो. मी गाऊ शकत होते, म्हणजे मला तो सोलो येत होता. मी फक्त ते ज्ञान कागदावर येऊ दिलं नव्हतं, आकड्यांवर जास्त विश्वास ठेवला होता.

एक कोरस पाठ होईपर्यंत लिहू नका. पूर्ण वेगात, रेकॉर्डबरोबर.

पायरी ३: रिकामा साचा आखा

स्वरांच्या आधी बार लिहा. सॉनिक व्हिज्युअलायझरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड ऐकत प्रत्येक बीटवर खूण करा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं हे साधन याच कामासाठी सोयीचं आहे. खुणा करताना बास आणि राइड सिंबल ऐका, सोलोवादकाला ऐकू नका. सोलोवादक मुद्दाम बीटच्या मागेपुढे जात असतो, त्याच्यावरून बीट ठरवलीत तर त्याचं मागेपुढे जाणं दिसणारच नाही.

मग कागदावर एका ओळीत चार बार, तीन ओळींत एक कोरस. प्रत्येक कोरसच्या सुरुवातीला दुहेरी रेघ आणि क्रमांक. ही साधी गोष्ट आहे, पण वाचनीयतेचं निम्मं काम इथेच होतं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला नेहमी ई फ्लॅट सेव्हन येणार हे डोळ्यांना कळतं. तिसऱ्या आणि पाचव्या कोरसमध्ये त्याच जागी काय वाजलं, हे वर-खाली नजर टाकून दिसतं. माझ्या सात पानांत सॉफ्टवेअरने जागा मिळेल तसे बार बसवले होते, कुठे ओळीत तीन तर कुठे दोन. त्यात ब्लूजचा आकारच हरवला होता.

कॉर्ड लिहिताना साच्यावर विसंबू नका. 'ब्लूज आहे म्हणजे अकराव्या बारला घरची कॉर्ड असणारच' असं मानून 'फ्रेडी फ्रीलोडर' लिहिलात, तर तिथे वाजलेला जी फ्लॅट तुम्हाला बाहेरचा, धाडसी स्वर वाटेल. प्रत्यक्षात ए फ्लॅट सेव्हन या कॉर्डचाच तो एक स्वर आहे. वादकाच्या धाडसावर परिच्छेद लिहाल आणि चूक तुमच्या कॉर्डमध्ये असेल. प्रत्येक कोरसमध्ये बास स्वतंत्रपणे ऐका.

पायरी ४: लय, जिथे माझं यंत्र फसलं

आता अंकलना उचकी का लागली ते बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेग मिनिटाला १२० बीट धरू, म्हणजे एक बीट ५०० मिलिसेकंदांची. जॅझमध्ये एका बीटचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. समजा ड्रमवादक २:१ या प्रमाणात वाजवतोय, तर त्याचा दुसरा ठोका ३३३ मिलिसेकंदांवर पडेल.

सोलोवादक काय करतो? २००२ साली फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रोम यांच्या अभ्यासात एक गमतीची गोष्ट दिसली. सोलोवादक बीटवरचा स्वर ड्रमपेक्षा थोडा उशिरा वाजवतात, पण बीटच्या मधला स्वर ड्रमच्या बरोबर पडतो. २०२२ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी वायमारचा डेटाबेस वापरून हेच पुढे तपासलं. बीटवरच्या स्वरांना जेमतेम ३० मिलिसेकंदांचा उशीर दिला, तर जाणकार श्रोत्यांना ते वादन जास्त 'स्विंग' करणारं वाटलं.

आपल्या उदाहरणात समजा उशीर ४० मिलिसेकंदांचा आहे. मग स्वर पडतील ४०, ३३३, ५४० असे. अंतरं २९३ आणि २०७. म्हणजे लांब-आखूड, लांब-आखूड. झकास स्विंग.

हे आकडे मी यंत्राला दिले आणि सांगितलं, बीटचे आठ भाग कर आणि प्रत्येक स्वर जवळच्या रेघेवर बसव. एक भाग ६२.५ मिलिसेकंदांचा. तर ४०चा झाला ६२.५, ३३३चा झाला ३१२.५, ५४०चा झाला ५६२.५. आता अंतरं मोजा. २५० आणि २५०!

बघा काय झालं. यंत्राने स्विंग पूर्ण पुसून टाकला. वर प्रत्येक स्वर बीटच्या एक अष्टमांश पुढे सरकवला, म्हणून कागदावर आधी एक बारीक विराम आणि मग दर दुसरा स्वर पुढच्या बीटमध्ये बांधलेला. दिसायला भयंकर बारकाईचं, आणि माहिती मात्र साध्या लेखनाहून कमी. अंकलना हेच वाजवावं लागत होतं.

मग कसं लिहायचं? दोन साधे एट्थ नोट, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या बीटचे स्वर, आणि पानाच्या वर 'स्विंग'. वादक बीटच्या खूपच मागे रेंगाळत असेल तर त्या वाक्यावर 'मागे रेलून' अशी शब्दांत सूचना. नेमका किती उशीर ते दुसऱ्या फाइलमध्ये आहेच. ट्रिपलेट, म्हणजे एका बीटमध्ये तीन समान स्वर, खरोखर तीन स्वर वाजले असतील तिथेच लिहा. स्विंग दाखवण्यासाठी पानभर ट्रिपलेट काढू नका.

आणि एक सावधगिरी. अवघड जागा निम्म्या वेगावर ऐकायलाच हव्यात, पण निम्म्या वेगावर बीटच वेगळी भासते आणि प्रत्येक उशीर दुप्पट दिसतो. हळू ऐकून स्वर ओळखा. लय मात्र पूर्ण वेगातच ठरवा.

पायरी ५: स्वर, आणि माझा कोसळलेला निष्कर्ष

इथपर्यंतची चूक लाज आणणारी होती, पण निस्तरता येण्याजोगी. पुढची चूक जास्त खोल होती.

बी फ्लॅटला सा माना. शुद्ध गंधार म्हणजे डी, कोमल गंधार म्हणजे डी फ्लॅट. ब्लूजमधला गंधार अनेकदा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, किंवा एकाकडून दुसऱ्याकडे घसरतो. कोमल ३०० सेंटवर, शुद्ध ४०० सेंटवर, आणि वादक ३५०वर. पाच रेघांच्या लिपीत ३५०ला जागा नाही. कुठलं तरी एक लिहावं लागतं.

मी अर्धा डझन ब्लूज सोलो उतरवले, गंधार मोजले आणि मला छान निष्कर्ष मिळाला. घरच्या कॉर्डवर वादक शुद्ध गंधाराकडे झुकतात, ई फ्लॅट सेव्हनवर कोमल गंधाराकडे. सिद्धांताशीही जुळत होतं, कारण डी फ्लॅट हा ई फ्लॅट सेव्हन या कॉर्डचाच स्वर आहे. तक्ता सुंदर दिसत होता. मी एका प्रकरणाचा मसुदा लिहून टाकला.

मसुदा वाचून आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "जिथे स्वर मधला होता, तिथे कोमल की शुद्ध हे तू कशावरून ठरवलंस?"

मी गप्प. कारण उत्तर मला माहीत होतं. मी वर लिहिलेली कॉर्ड बघून ठरवत होते. घरची कॉर्ड असेल तर डी 'वाटायचा', ई फ्लॅट सेव्हन असेल तर डी फ्लॅट. मी मुद्दाम केलं नव्हतं. कानच तसा झुकत होता. आणि मग तेच स्वर मोजून मी म्हणत होते, बघा, वादक कॉर्डप्रमाणे गंधार बदलतात! वादकांचं मला ठाऊक नाही, माझी पेन्सिल नक्की बदलत होती.

सगळे गंधार पुन्हा तपासले. या वेळी कॉर्डची ओळ झाकून, स्वराच्या उंचीचा आलेख बघून, तीन खण केले: स्पष्ट कोमल, स्पष्ट शुद्ध आणि मधला किंवा घसरता. तिसरा खण अपेक्षेपेक्षा खूपच मोठा निघाला. तो बाजूला ठेवल्यावर फरक इतका क्षीण उरला, की त्यावर प्रकरण उभं राहीना. चार महिन्यांचं काम गेलं. आठवडाभर मी रेकॉर्डिंग उघडलं नाही.

मग तिसरा खणच माझा विषय झाला. मधल्या गंधारांपर्यंत वादक खालून येतात की थेट, तिथे किती थांबतात, पुढे कुठे जातात? माझा प्रबंध आता या प्रश्नावर चालला आहे. जुन्या कागदावर तो दिसलाच नसता, कारण त्या कागदावर मधले गंधार नव्हतेच.

लिहिण्याची रीत म्हणाल, तर खालून घसरत येऊन शुद्ध गंधारावर टेकला तर डी लिहा आणि आधी तिरकी रेघ. मध्येच राहिला तर जवळचा स्वर लिहून डोक्यावर वर किंवा खाली जाणारा छोटा बाण. जेमतेम ऐकू येणाऱ्या, गिळलेल्या स्वरांना फुलीचं डोकं. अशा खुणा चार-पाचच ठेवा आणि पहिल्या पानाच्या तळाशी त्यांचा अर्थ द्या. प्रत्येक बारीक फरकाला वेगळी खूण केलीत, तर वाचणारा तळटीपच वाचत बसेल.

एक व्यावहारिक मुद्दा राहिला. ट्रम्पेटवादकाने कागदावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात बी फ्लॅट ऐकू येतो. म्हणून ट्रम्पेटवादकाला कागद द्यायचा असेल तर बी फ्लॅटमधला ब्लूज सीमध्ये लिहा. प्रबंधात मात्र प्रत्यक्ष ऐकू येणारेच स्वर ठेवा, आणि कुठला कागद कुठला हे ठळक लिहा.

पायरी ६: दुसऱ्याच्या हवाली करा

'मी खूप काळजीपूर्वक ऐकलं' हा पुरावा नव्हे. १९६४ साली 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग छापला गेला. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या हुक्वे लोकांचं, धनुष्यवाद्याच्या साथीने गायलेलं एकच गाणं चार अनुभवी तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे उतरवलं. चौघांचे कागद एकमेकांहून स्पष्टपणे वेगळे निघाले. कुणी निष्काळजी नव्हतं. प्रत्येकाने वेगळे निर्णय घेतले होते.

तेव्हा तीन चाचण्या करा. पहिली, त्या शैलीत वाजवणाऱ्या वादकाला कागद द्या, रेकॉर्ड ऐकवू नका आणि वाजवायला सांगा. जिथे अडखळेल तिथे खूण करा. दुसरी, एक कोरस दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे उतरवून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. तिसरी, आठवड्याने तोच कोरस स्वतःच कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवा. तिसरी चाचणी सगळ्यात जास्त बोचते.

फरक सापडले म्हणून घाबरू नका. जिथे दोघांचं जमत नाही, तिथे बहुधा संगीतच दोन अर्थांचं असतं. तीच जागा तुमच्या प्रबंधात सगळ्यात बोलकी ठरू शकते.

निर्णयांची वही

या सगळ्यातून मी एक सवय लावून घेतली. नोटेशनच्या शेजारी एक वही. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: जागा (कोरस, बार, बीट), काय ऐकू आलं, काय लिहिलं, का लिहिलं. उदाहरणार्थ, 'कोरस २, बार ५, बीट ३. गंधार मधला, खालून घसरत. डी फ्लॅट, वर बाण. कॉर्ड न बघता ठरवलं.' एवढंच. प्रत्येक स्वराची नोंद नको, जिथे पेन्सिल थबकली तिथली पुरे.

सुरुवातीला हे ओझं वाटतं. पण परीक्षक विचारतील, "हा स्वर डीच कशावरून?" तेव्हा ही वही उघडता येते. आणि त्याहून महत्त्वाचं, सहा महिन्यांनी तुम्हीच स्वतःला हा प्रश्न विचाराल.

मुलाखतींवर काम करणाऱ्यांनी इथे स्वरांच्या जागी शब्द घालून बघा. बोलणारीने घेतलेला लांब श्वास तुम्ही लिहिला का? 'नाही... म्हणजे हो' यातलं 'नाही' टाइप केलंत, की वाक्य नीट दिसावं म्हणून गाळलंत? गाळायला हरकत नाही, वाचनीय करण्यासाठी काहीतरी गाळावंच लागतं. पण जे गाळलं त्यावरच पुढचा निष्कर्ष उभा तर नाही ना, हे तपासायला हवं.

या आठवड्यात करून बघायचं असेल तर मोठं काही घेऊ नका. मध्यम लयीतला एक ब्लूज, त्यातला एकच कोरस, १२ बार. दोन दिवस नुसतं गा, तिसऱ्या दिवशी साचा आखा, चौथ्या दिवशी लिहा, पाचव्या दिवशी कुणालातरी वाजवायला द्या.

मी दुरुस्त केलेला सोलो घेऊन पुन्हा अंकलकडे गेले होते. सात पानांची आता दोन झाली होती. त्यांनी पूर्ण वाजवला, न थांबता. एका बारपाशी मात्र भुवई उंचावली आणि म्हणाले, "हा डी मला पटत नाही."

मी वही उघडली. त्या बारची नोंद होती. आम्ही दोघांनी मिळून रेकॉर्ड सहा वेळा ऐकलं. अजून आमचं एकमत झालेलं नाही, आणि प्रबंधात ते तसंच लिहिलं आहे.